मुशीचं तेल

सकाळी गाडी सुरू करण्याआधी तो बॉनेट उघडायचा, तेलात दोन बोटं बुडवायचा, ती नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटायचा. मग बोटं डोक्याच्या केसांना पुसायचा. वास मनासारखा असला तर हँडल मारायचा, नसला तर गाडीखाली शिरायचा. आणि बघत उभ्या असलेल्या आम्हा रिकामटेकड्यांना ऐकवायचा, "जा होरीला लागतं, ता हिला लागतं." होरी म्हणजे होडी. त्याच्या लेखी ट्रक ही चाकं लावलेली होडीच होती.

त्याचं नाव मी सांगत नाही. त्याची लेक खाडीपलीकडे नांदते आहे आणि तिकडे हे नाव निघालं की माणसं अजून गालातल्या गालात हसतात. तुम्ही काशीदच्या बाजूचे असाल तर ओळखालच. ओळखलंत तर मनात ठेवा.

जातीचा कोळी, पण होडीत पाय ठेवला की त्याच्या पोटात ढवळायचं. कोळ्याला बोट लागते यापरती नाचक्की ती कोणती! पोरपणी भावांनी त्याला होडीत बांधून नेऊनसुद्धा पाहिलं म्हणे. सवय काही झाली नाही, जाळी मात्र घाण झाली. लढाईच्या दिवसांत तो पळाला आणि लष्कराच्या मोटारखान्यात हरकाम्या म्हणून राहिला. स्वातंत्र्याच्या आगेमागे परत आला तो लिलावातला एक ट्रक घेऊनच. त्याचं स्टिअरिंग डाव्या बाजूला, रंग उडालेला आणि दारं नव्हतीच. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या भावांच्या समोरून त्याने तो वाळूतून हाकत नेला. त्या दिवशी त्याची मान जी ताठ झाली, ती पुढे बरीच वर्षं तशीच होती.

आमच्या वाडीतले नारळ-सुपारी त्याच्याच गाडीतून अलिबागला जायचे आणि सोबत मी. हौद्यात सुकी मासळी, तिच्यावर आमच्या गोणी. बाजारात पोचलो की अंगाला लागलेल्या वासापायी व्यापारी मला ओटीवर न बसवता बाहेरच्या बाकावर बसवायचे. तो वयाने मोठा, पण आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो. मी त्याला म्हणायचो, तुझ्या गाडीला नंबराची पाटी कशाला, लोक वासावरूनच ओळखतात. त्याला यात टोमणा आहे असं कधी वाटलंच नाही.

गाडीला तो दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. सुटे भाग मिळायचे नाहीत हे खरं, पण मिळाले असते तरी त्याने घेतले नसते. हौद्यावरचं छप्पर शिडाच्या कापडाचं. फळ्यांच्या फटींत होडीच्या फटींत भरतात तसा कापूस आणि राळ. एकदा वाटेत स्प्रिंगचा पाटा मोडला, तेव्हा त्याने बांबूची कांब लावून वर काथ्याची दोरी अशी आवळली की तो पाटा पावसाळा ओलांडून गेला. अलिबागच्या गॅरेजवाल्याने ते पाहिलं आणि हात जोडले. होड्यांना तेल पाजायच्या दिवसांत गाडीच्या लाकडालाही मुशीच्या, म्हणजे लहान शार्क माशाच्या, काळजाचं तेल लागायचं. सगळे दसऱ्याला गाड्यांना फुलं वाहतात, हा नारळी पौर्णिमेला बंपरवर नारळ फोडायचा आणि वर मला विचारायचा, "काय चुकलं?" मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी खोबरं खायचो.

त्याला एकच लेक होती. बायको लवकर गेली, मुलगी त्यानेच वाढवली. तिचं लग्न खाडीपलीकडच्या मोठ्या घरात ठरलं. त्यांच्या स्वतःच्या होड्या होत्या, नावाला वजन होतं. बोलणी चालू असताना व्याही हसत म्हणाला होता, मुलगी पाण्याला भीत नाही ना, बापावर नाही ना गेली? सगळे हसले. हाही हसला, पण घरी येताना वाटेतला एकेक शिंपला पायाने ठेचत आला.

लग्न मुलाच्या दारी लागायचं होतं. व्याह्यांनी निरोप धाडला की वऱ्हाडासाठी होड्या पाठवतो, भरतीला घटकाभरात पोचाल. याने नकार कळवला. नवरी माझ्या गाडीतून येईल आणि तुमच्या अंगणात उतरेल, असं उलट सांगून पाठवलं. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला वाळूचा पट्टा उघडा पडतो. बैलगाड्या तिथूनच ये-जा करायच्या. याच्या गाडीला चारी चाकांची ओढ होती, वाळूचं भय नव्हतं. या एका फेरीत त्याला जन्माचं हसं पुसून काढायचं होतं, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

लग्नाच्या आठवड्यात ब्रेक ढिला लागायला लागला. तेल कुठून तरी गळत होतं. गळती त्याने बंद केली, पण आत भरायला ब्रेकचं तेल अलिबागेत नव्हतं, मुंबईहून येईपर्यंत लग्न होऊन गेलं असतं. त्याने मुशीचं तेल फडक्यातून गाळलं आणि भरलं. गावात फेरी मारून आला. ब्रेक असा लागला की मी पुढे आपटलो. त्याने दोन बोटं हुंगली आणि केसांना पुसली. जा होरीला लागतं, ता हिला लागतं.

लग्नाच्या दिवशी गाडी केळीच्या खांबांनी आणि अबोलीने सजली. हौद्यात नवरी, करवल्या, बायका आणि लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण. मी पुढे त्याच्या शेजारी. त्याने पांढरं धोतर नेसलं होतं आणि डोक्याला पहिल्यांदाच खोबऱ्याचं तेल लावलं होतं. पलीकडच्या काठावर व्याह्यांकडची मंडळी वाजंत्री घेऊन उभी होती.

पट्ट्याच्या मध्यावर पाण्याची एक धार आडवी येते. तिथे त्याने ब्रेक लावला. ब्रेक लागला, तो सुटलाच नाही.

आधी त्याला वाटलं, वाळूत रुतली. आम्ही उतरून हौद्यात अंथरलेल्या झावळ्या चाकांखाली घातल्या, ढकललं. चाकं हलेनात. मग तो धोतरासकट गाडीखाली गेला. वर धवलारीण गात होती, हळूहळू तिचाही आवाज बंद झाला. भरती लागली होती. पाणी घोट्याला आलं, मग चाकांच्या निम्म्यावर. पलीकडची वाजंत्री थांबली आणि त्यांनी न बोलावता एक होडी सोडली.

बायका चढल्या आणि नवरीला उचलून होडीत बसवलं. शालू गुडघ्यापर्यंत भिजला होता. होडीतल्या एकाने काठाकडे बघून मोठ्याने सांगितलं, "शेवटी नवरी होरीनंच आली." काठावरून हसणं ऐकू आलं. ते क्रूर नव्हतं, लग्नात हसतात तसंच होतं. पण मला त्याच्याकडे बघवेना. लाज त्याची होती आणि मान माझी खाली गेली.

होडी दुसरी खेप घ्यायला आली, ती आम्हा दोघांसाठी. मी चढलो. तो कमरेइतक्या पाण्यात गाडीला पाठ लावून उभा होता, हातात पाना. मी म्हणालो, चल, मुहूर्त टळेल.

"गारी सोरून कसा येऊ?"

गाडीचं आता काही व्हायचं नव्हतं. पाना लावायला पाण्याखाली काही दिसतही नव्हतं. मी पुन्हा हाक मारली, तेव्हा त्याने तोंड चाकाकडे फिरवलं. लेकीचं लग्न आधीच पोचलेल्या तिच्या मामाने लावून दिलं. मंगलाष्टकं चालू असताना मी मागे वळून पाहिलं. त्या अंगणातून खाडी दिसते. पाण्यावर गाडीचं छप्पर आणि केळीचे खांब तेवढे दिसत होते आणि शेजारी त्याचं डोकं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला बैल लावून गाडी ओढून काढली. त्याने चाकं उघडली. ब्रेकमधली रबरं मुशीचं तेल पिऊन भिजवलेल्या वालांसारखी टरारून फुगली होती, आत चिकटून बसली होती. त्याने एक रबर नाकाशी नेलं आणि बराच वेळ हुंगत बसला. बोटं मात्र केसांना पुसली नाहीत, मातीत पुसली.

पुढे गाडी धुऊन-पुसून चालती झाली, पण अलिबागच्या गॅरेजात. तो तिथे हात मागे बांधून कोपऱ्यात उभा राहायचा आणि लावतील तो भाग लावू द्यायचा. ते होडीचं वाक्य पुन्हा त्याच्या तोंडून ऐकलं नाही. मी चिडवणं सोडून दिलं, कारण तो चिडवलेलं खरं धरायला लागला होता. लेकीच्या घरी तो गेला नाही. नातवाच्या बारशाला खाडीपर्यंत आला, वाळू उघडी होती, तरी अलीकडच्या काठावर गाडीत बसून राहिला आणि परत फिरला. लेक सणाला यायची, जेवून-खाऊन जायची, बाप तिच्या ताटाकडे बघत बसायचा.

अशी कैक वर्षं गेली. एकदा ती आमच्या वाडीत नारळ घ्यायला आली होती. बोलता बोलता मी म्हणालो, बाबा तुझ्या सासरी यायला लाजतो गं, त्या गाडीचं त्याच्या मनातून जात नाही. ती नारळ सोलायची थांबली.

"गारीचं कोन बोलतं? मांडवान सगले होते, माजा बाबाच नव्हता. मना तेवराच सलतं."

हे मी त्याला सांगितलं. तो गाडीचा हौदा पुसत होता. पुसतच राहिला. मला वाटलं, ऐकलं नसावं.

चार-पाच दिवसांनी भरतीच्या वेळेला तो धक्क्यावर दिसला. धुतलेलं धोतर, हातात नारळ. ओहोटीची वाट बघ, गाडीने जा, असं मी सुचवलं. तो पलीकडे निघालेल्या होडीत चढला. काठ सोडून होडी वावभर गेली नाही तोच तो वाकला आणि ओकला. होडीतले पोरगे हसायला लागले. त्याने तोंड पुसलं, होडीची कड घट्ट धरली आणि पुन्हा वाकला. होडी लहान होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. तेवढ्यात त्याला किती वेळा वाकावं लागलं ते मी पाहिलं आणि माझे डोळे भरून आले.

पुढचा पावसाळा त्याने पाहिला नाही. दहाव्याला मी लेकीला विचारलं, त्या दिवशी झालं तरी काय? ती म्हणाली, सासऱ्यांनी पाय धुवायला पाणी पुढे केलं, तर याने पाय मागे घेतले. आत ये म्हटलं तरी आला नाही. अंगणात जिथे मांडव होता, तिथे जाऊन उभा राहिला. तिने हाताला धरलं तेव्हा नारळ तिच्या ओटीत घातला आणि खाली बघत एवढंच बोलला, "पोरी, मना उशीर झाला."