मी मोडलेला पैरा

आप्पांशी मी खोटं बोललो. फोनवर, सकाळी, त्यांचं सोयाबीन वाळून उभं असताना. "फाउंड्रीतनं बोलावणं आलंय आप्पा, आज यायला जमत न्हाय," असं मी म्हणालो. त्या वेळी मी आमच्या खालच्या रानात उभा होतो आणि माझ्या दुसऱ्या हातात भुईमुगाचा उपटलेला वेल होता. मुळांची माती पायावर गळत होती.

"बरं रं, नोकरी हाय, जायाच पायजे," आप्पा म्हणाले. त्यांना शंकाही आली नाही.

आमच्या भागात सुगीला माणूस मिळत नाही. मजुरांचे टेम्पो भल्या सकाळी मोठ्या रानांकडं निघून जातात, दोन-तीन एकरवाल्याच्या बांधावर कोण थांबणार? म्हणून पैरा. आज तुम्ही माझ्या रानात राबायचं, उद्या मी तुमच्या. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत, फक्त आपली पाळी आली की विळा घेऊन हजर व्हायचं. आमच्या पैऱ्यात चार घरं होती. आप्पांचं घर आमच्या बांधालगतचं. जैन माणसं. मुलगा पुण्यात, इथं आप्पा आणि आक्का दोघंच. मुलगा दरवेळी सांगायचा, रान कुणाला तरी उसाला लावून द्या आणि इकडं या. आप्पा त्याला हसून म्हणायचे, "पैरा हाय तवर मी हाय." वय झालेलं, एकट्यानं एवढं कापणं त्यांच्या हातून होणार नव्हतं. आम्ही गेलो तरच त्यांची शेती होती. हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी आठवडाभर शहरात, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला असतो, शनिवारी संध्याकाळी बसनं गावी येतो. वर ऊस, मध्ये सोयाबीन, खाली भुईमूग, गोठ्यात म्हशी. सगळं बायको सांभाळते. पण दसऱ्यानंतर सगळंच एकदम अंगावर येतं. सोयाबीन वाळलं की थांबत नाही. ऊन चढलं की शेंगा तडतड फुटतात आणि दाणे मातीत जातात, त्यामुळं दवात, सकाळीच कापावं लागतं. भुईमूगही तसाच. उशीर केला तर आऱ्या, म्हणजे शेंगांचे देठ, कुजतात, वेल उपटला की नुसता वेल हातात येतो आणि शेंगा जमिनीत राहतात. एका रविवारात काय काय उरकणार?

त्या वर्षी पैऱ्याची पहिली पाळी माझी होती. सगळे उजाडायच्या आत आले. वाळलेली धाटं हाताला टोचत होती, मी दर दोन ओळींनी बोटं चोखत होतो. आप्पा पुढच्या ओळीतून ओरडले, "अगं बायांनो, साहेबाला कुणीतरी हातमोजे आणा गं! लोखंड वितळवतोय म्हणं, आन् सोयाबीनला भितोय!" बाया हसून हसून खाली बसल्या.

मळणीचं मशीन दुपारी यायचं ते ऊन उतरल्यावर आलं. आप्पा दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. आमच्या पैऱ्यात त्यामुळं एक रीतच पडली होती. ऊन डोंगराला टेकायच्या आधी, काम कितीही राहिलेलं असो, सगळे हात थांबायचे. आप्पा फडक्यातली भाकरी सोडायचे, आम्ही चहा घ्यायचो, मग पुन्हा काम. त्या दिवशी मी म्हणालो, "आप्पा, एवढं मशीन मोकळं करूया. थांबलो तर ते दुसरीकडं जाईल."

त्यांनी एकदा मावळतीकडं बघितलं. फडकं बाभळीच्या फांदीला अडकवलेलं होतं. "चालतंय की," म्हणाले आणि मशीनच्या तोंडाशी पेंढ्या द्यायला उभे राहिले. ढीग संपला तेव्हा अंधारलं होतं. जाताना त्यांनी फडकं काढलं, भाकरी तशीच होती, आणि ती आमच्या म्हशीपुढं टाकून ते घरी गेले.

पुढचा रविवार त्यांचा होता. सकाळी उठून बघतो तर आभाळ दाटलेलं, वारा पडलेला. मला भुईमूग दिसू लागला. मी आप्पांना तो फोन केला. तेवढ्यावर थांबलो असतो तरी बाकीची दोन घरं त्यांच्याकडं गेली असती. पण मला माणसं हवी होती. मी त्या दोघांना सांगितलं की आप्पांनी आजचं पुढं ढकललंय, माझ्याकडं या. ते आले. संध्याकाळपर्यंत सगळा भुईमूग आमच्या अंगणात होता.

दिवेलागणीला आक्का आमची चरवी परत द्यायला आल्या. अंगणात ओल्या शेंगांचा ढीग, कडेला मी, गुडघ्यापर्यंत मातीनं माखलेला. त्या दारातच थांबल्या. ढिगाकडं बघितलं, माझ्या पायांकडं बघितलं.

"शेंगा काढल्या व्हय? बरं झालं. आभाळ लई भरलंय."

चरवी उंबऱ्यावर ठेवून त्या गेल्या.

पाऊस त्याच रात्री लागला आणि दिवाळी जवळ आली तरी हटेना. उघडीप झाली तेव्हा मी बांधावर गेलो. आप्पांनी एक शेंग माझ्या हातावर ठेवली. दाण्याला पांढरा कोंब फुटला होता. "बघ रं, शेंगंतच उगवाय लागलं. पेरायची तेवढी मेहनत वाचली," ते म्हणाले आणि हसले. ते हसणं मला सहन झालं नाही.

"आप्पा, विळा आणलाय. येऊ?"

"न्हाय रं. आता काय राहिलंय कापायला."

मागं वाकून शेंगा वेचणाऱ्या आक्का त्यांना कानडीत म्हणाल्या, "होगली बिड्री." जाऊ द्या हो. मला कानडी कळते हे त्यांना माहीत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पांचं रान उसाला गेलं, कसायला दुसऱ्याकडं. आप्पा पुण्याला गेले नाहीत. घरापुढच्या कट्ट्यावर बसून असतात. आमच्या बांधावरून आता नुसता ऊस दिसतो.

यंदा माझं सोयाबीन तीन घरांनी कापलं. मशीन चालू होतं. ऊन डोंगराकडं झुकलं आणि एकेक हात आपसूक थांबला. एकीनं पेंढी खाली ठेवली, दुसऱ्यानं विळा. मशीन रिकामंच घरघरत राहिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, निदान मला तसं वाटलं.

मी तसाच, भुसकटानं भरलेल्या अंगानं आप्पांच्या घरी गेलो. ते कट्ट्यावर भाकरी खात होते. शेवटचा घास होऊन त्यांनी हात धुवेपर्यंत मी उभा राहिलो.

"का रं, मशीन सोडून आलास? बस की."

मी बसलो नाही. दारात आक्काही आल्या होत्या.

"आप्पा, त्या दिवशी फाउंड्रीनं बोलावलं नव्हतं. मी खाली शेंगा काढत होतो. बाकीच्यांनाही मीच खोटं सांगून नेलं. तुम्ही माझ्या रानात उपाशी राबलात आणि मी तुमच्या रानात आलो नाही. तुमची शेती माझ्यामुळं सुटली. आक्का, तुम्हीही ऐका. माझं चुकलं. मला माफ करा."