तीन चोकांवरचा दिवा

साबीनोला यानामायो गावात मानानं हाक मारणारी मी एकटी, आणि तीसुद्धा तो माझ्या थोरल्या लेकीचा धर्मपिता म्हणून. मी त्याला कोम्पाद्रे म्हणायची, तो मला कोमाद्रे. बाकी सगळा गाव त्याला पतंग्या म्हणायचा. वरच्या थंड पठारावरून तो मिसरूड फुटायच्या वयात आमच्या या ढगांच्या उतारावर आला, लाकडाच्या गिरणीत चौदा वर्षं राबला आणि तिथल्या करवतीला उजव्या हाताची दोन बोटं देऊन मोकळा झाला. मग परदेशातून एक बाई आल्या, रात्रीचे पतंग बघायला. त्यांचं जनरेटर पाठीवर घेऊन हा आठ वर्षं रानात हिंडला. बाई म्हाताऱ्या होऊन आपल्या देशी गेल्या, आणि जाताना पतंग ओढून घेणारा पाऱ्याच्या वाफेचा एक दिवा याला देऊन गेल्या.

दिवा त्यानं घरामागच्या टेकाडावर बांबूला टांगला. दर अमावास्येला मागे पांढरी चादर बांधायची, दिवा लावायचा, आणि चादरीवर जे येऊन बसेल त्याचं चित्र रंगीत पेन्सिलींनी वहीत काढायचं. शास्त्रातली नावं त्याला येत नव्हती, म्हणून आपलीच ठेवली होती: भाजकं केळं, बिशपची टोपी, ओली भिंत, सासूची शाल. अशा एकोणीस वह्या भरल्या. मी एकदा विचारलं, "कोम्पाद्रे, याचं करणार काय? लोणचं?"

"चौदा वर्षं झाडं पाडली, कोमाद्रे," तो म्हणाला. "कुणाकुणाची घरं पाडली तेवढं तरी बघून ठेवतो."

आता गावाचंही ऐका. आमच्याकडे तळहाताएवढा काळा पतंग, तापाराको, घरात शिरला की त्या घरातलं माणूस जाणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि त्या वर्षी कॉफीच्या तोडणीच्या एका हंगामात गावातली तीन माणसं गेली. तिसरा माझा नवरा, अन्सेल्मो. आदल्या दिवशी तापाराको आमच्या चौकटीवर बसलेला मी या डोळ्यांनी पाहिला होता. म्हणून गावच्या सभेत उभी राहून "हा दिवाच त्यांना बोलावतो, बंद करा" असं म्हणणारी मीच. माझ्या तोंडाला तेव्हा कुलूप नव्हतं, आताही नाही.

सभेचा प्रमुख रुफिनो. गावातलं एकुलतं एक दुकान त्याचं, म्हणून प्रमुखही तोच. त्यानं विचारलं, "बोल पतंग्या, तुझं काय म्हणणं?"

साबीनो टोपी हातात घेऊन उभा राहिला. "येत्या अमावास्येला सगळे वर या. काय काय येतं ते आपल्या डोळ्यांनी मोजा. नुसते काळे आले तर दिवा मी स्वतः नदीत टाकतो."

"आणि दिवा लागलाच नाही तर?"

"तरी टाकतो."

सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

अमावास्येच्या दुपारी त्यानं दिवा लावून बघितला आणि चोक जळाला. डांबर वितळल्याचा वास माझ्या अंगणापर्यंत आला. ट्यूबला असतो तसा या दिव्यालाही चोक लागतो, फक्त दांडगा. तो नसला तर दिवा वीज पीत सुटतो आणि फुटतो. तसला चोक मिळणार शहरात, आणि दरड कोसळून रस्ता चार दिवस बंद.

साबीनो डोकं धरून बसला नाही. जळक्या चोकवरचा आकडा त्यानं वाचला, चर्चमधल्या ट्यूबच्या चोकवरचा वाचला आणि कॉफीच्या गोणीवर कोळशानं गणित मांडलं. एका गड्याचं ओझं तिघा पोरांनी उचलायचं. ट्यूबचे तीन चोक एकामागे एक नाही, तर शेजारी शेजारी जोडले, तर दिव्याला हवी तेवढी वीज जाईल. मात्र चोक जुने, जड, लोखंडी हवेत. रुफिनोच्या दुकानातले सगळे नवे आणि हलके निघाले, काही कामाचे नाहीत. चर्चमधून एक मिळाला, दवाखान्यातून एक. तिसरा गावात एकाच घरात होता.

तो माझ्या दारात आला, पण आत आला नाही.

"कोमाद्रे, ती स्वयंपाकघरातली ट्यूब..."

"अन्सेल्मोनं लावलीय ती. त्या माणसाच्या हातून जन्मात सरळ बसलेली ती एकच वस्तू."

"एका रात्रीपुरता चोक द्या. सकाळी परत बसवून देतो."

"माझ्याच घरचा चोक नेऊन माझ्याच दारात काळे बोलावणार? जा, कोम्पाद्रे. कॉफी दिली असती, पण साखर संपलीय."

साखर होती.

अंधार पडताना गाव टेकाडावर जमला. खिशात भाजलेला मका, गालात चघळायला कोकाची पानं, जशी काही जत्रा. साबीनोनं दोन चोकांवर दिवा लावला. लागला म्हणायचं एवढंच. जांभळट, मलूल, तापातल्या माणसाच्या डोळ्यासारखा.

"पतंग्या, यापेक्षा माझ्या बायकोचं नाक जास्त चमकतं!" रुफिनो ओरडला.

"आणि तुमचं टक्कल नाकापेक्षा!" त्याची बायको म्हणाली. गाव खिदळला.

तेवढ्यात अंधारातून एक आला. काळा, तळहाताएवढा. चादरीच्या मधोमध बसला, एकटाच. हसू जागच्या जागी थांबलं. बायांनी कपाळावर, छातीवर क्रूस काढले. मागून कुणीतरी म्हणालं, "झालं. टाक नदीत."

 साबीनोनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तीन बोटांच्या त्या हातात तारा धरून तो खाली बघत उभा होता. त्याच हातानं त्यानं अन्सेल्मोची शवपेटी पुढून उचलली होती. खरं तर मी जिंकले होते. पण असं जिंकणं माझ्या घशाखाली उतरेना.

"थांबा," मी म्हणाले. "मी परत येईपर्यंत कुणी नदीकडे पाय टाकायचा नाही."

घरी येऊन मेन स्विच बंद केला, मेणबत्ती लावली, टेबलावर चढले आणि बटाट्याच्या सुरीनं स्क्रू काढले. एकसष्टाव्या वर्षी. चोक ओल्या विटेसारखा जड होता. तो वर नेऊन साबीनोच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "पडले असते तर माझंही चित्र काढावं लागलं असतं तुम्हाला."

"तुमचं नाव काय ठेवू?" तो म्हणाला. "सासूची शाल आधीच आहे."

त्यानं दिवा विझवला आणि विजेरीच्या उजेडात तिसरा चोक जोडला. पण हा दिवा मानी असतो. एकदा विझवला की पुरता निवल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. आम्ही सगळे काळोखात उभे राहिलो. मका चावायचंही कुणाला सुचेना.

मग एक जांभळा ठिपका. ठिपका निळसर झाला, हिरवट झाला, आणि हळूहळू असा पांढरा होत गेला की पलीकडच्या उतारावरचं पान न् पान दिसायला लागलं. आणि रान उठून आलं.

दुसरा शब्द मला सापडत नाही. कोकाच्या पानासारखे हिरवे आले. लांब शेपट्यांचे आले. एक वाळकं पान येऊन पडलं आणि चालायला लागलं. अंगावर सोन्याचा वर्ख लावलेले, आणि नखाएवढे चांदीचे, ते तर हजारांनी. एकाच्या पंखांत काचेच्या खिडक्या होत्या. त्यांतून मागची चादर दिसत होती. पंखांची नुसती सळसळ. चादर दिसेनाशी झाली, मग साबीनोचा सदरा दिसेनासा झाला. एकसष्ट वर्षं मी त्या रानाला पाठ टेकून झोपत होते, आणि शेजारी कोण राहतं ते मला माहीत नव्हतं.

रुफिनोनं मोजायचं म्हणून एकेका पतंगामागे मक्याचा एकेक दाणा टोपीत टाकायला घेतला. खिसा रिकामा झाला. बायकोचा खिसा रिकामा झाला.

"काळे किती?" मी विचारलं.

"नऊ."

"आणि बाकीचे?"

"मका संपला."

"मग निकाल काय, प्रमुख?"

"निकाल म्हणजे... ते शेपटीवालं कुठं गेलं? सरका ना जरा, दिसत नाहीये!"

हाच निकाल. सभेच्या वहीत तो कसा लिहिला देव जाणे, पण दिवा नदीत गेला नाही.

परत निघताना मला कळलं की त्या नऊ काळ्यांपैकी एक माझ्या शालीवर, खांद्याशी बसलाय. बाया मागे सरकल्या. साबीनो विजेरी घेऊन जवळ आला, पण त्याला उडवलं नाही. म्हणाला, "बघा तर, कोमाद्रे."

मी मान वळवून पाहिलं. तो काळा नव्हताच. तपकिरीवर जांभळी झाक होती, पिकत आलेल्या कॉफीच्या दाण्यावर दव पडल्यासारखी, आणि कडेनं लाटांमागून लाटा, कुणीतरी रात्रभर जागून विणलेल्या. माझा श्वास लागून त्याची मिशी हलत होती. अन्सेल्मोला न्यायला तो आला होता, की नुसता चौकटीला टेकून दमलेला बसला होता, ते मी विचारलं नाही. तो आपण होऊन उडेपर्यंत मी तशीच उभी राहिले, आणि माझ्यामुळे वाट अडलेला सगळा गावही.