अण्णांची ‘क’ची गाणी

अण्णा गेले त्याला आज वर्ष झालं, आणि माझा फोन अजूनही मला फिनलंडची गाणी सुचवतोय.

यात फोनची काही चूक नाही.

माझे वडील नाशिकच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. माइकवरून गाड्या पुकारायच्या. जवळजवळ तीस वर्षं तेच काम.

घरीसुद्धा हळू आवाज नावाचा प्रकार नव्हता. ते आईकडे मीठ मागायचे आणि शेजारच्या काकू मीठ घेऊन यायच्या.

मी माझ्या पसंतीने समीरशी लग्न केलं, तेव्हा मात्र त्यांनी आवाज चढवला नाही. बोलणंच बंद केलं.

चार वर्षं. मी फोन केला की आई उचलायची, आणि मागे टीव्हीचा आवाज मोठा व्हायचा.

मग त्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली.

एकच शब्द शिल्लक राहिला.

“च्यायला.”

डॉक्टरांना च्यायला. नर्सला च्यायला. भेटायला आलेल्या आत्याला च्यायला. त्र्यंबकेश्वरहून प्रसाद घेऊन आलेल्या गुरुजींनाही तेच. गुरुजींनी ऐकलं, आशीर्वाद दिला आणि चहा न घेता गेले.

अण्णांना कळत सगळं होतं. फक्त हवा तो शब्द तोंडात येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, असं होतं, बाकी भाषा गेली तरी शिव्या टिकतात.

अनुजा मॅडम म्हणून एक तरुण स्पीच थेरपिस्ट होत्या. त्यांनी आठवड्याला एक अक्षर दिलं. पहिलं ‘क’. सोबत लहान मुलांचा चित्रांचा तक्ता. कमळ, कणीस, कप.

अण्णा कमळ म्हणायला गेले, झालं ‘मकळ’. परत म्हणाले. परत मकळ.

तक्ता पलंगाखाली गेला. त्यानंतर तीन दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही. शिवीसुद्धा नाही. आई खरी घाबरली ती तेव्हा.

मी तेव्हा माहेरीच मुक्काम ठोकला होता. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, क वरून एखादं गाणं लावून बघा, कधीकधी गाण्यातून शब्द येतो.

मी यूट्यूबवर नुसतं K टाइप केलं आणि घाईत भलत्याच ठिकाणी बोट पडलं.

तीन म्हातारे. अकॉर्डियन घेऊन. बर्फात उभं राहून गातायत. खाली देश लिहिला होता, फिनलंड.

मी बंद करायला गेले तर अण्णांनी माझा हात धरला. चार वर्षांत पहिल्यांदा.

आई मेथी निवडत होती. तिने विचारलं, “हे रडतायत का जेवायला बोलावतायत?”

अण्णा हसले. मग स्क्रीनवरचं गाण्याचं नाव वाचायचा प्रयत्न केला. क आला. पुढे काहीतरी आलं.

बरोबर की चूक? मी कशी सांगणार? ते नाव मलाही वाचता येत नव्हतं.

तिथून गाडी रुळावर आली. कमळ चुकलं की घरात सगळ्यांना कळायचं. फिनलंडचं गाणं चुकलं तर आख्ख्या पंचवटीत कोणाला कळणार होतं?

मग आम्ही सुटलोच. क ची केनियाची, कोरियाची, क्युबाची. पुढच्या आठवड्यात म. मग त. अण्णा डाव्या हाताने वहीत यादी करायचे, अक्षर कावळ्याच्या पायासारखं.

भांडणंही झाली. J ने सुरू होणारं एक स्पॅनिश गाणं मी ज मध्ये लिहिलं. गाणारी बाई ह म्हणत होती, म्हणून अण्णांनी ते खोडलं. दोन दिवस अबोला. शेवटी आई म्हणाली, दोन्हीकडे लिहा आणि आधी जेवून घ्या.

दर गुरुवारी समीर आम्हाला क्लिनिकला न्यायचा. अण्णा मागच्या सीटवर, खिडकीबाहेर बघत. समीर आत यायचा नाही, गाडीतच थांबायचा. त्याला तसं कोणी सांगितलं नव्हतं.

‘प’च्या आठवड्यात वेटिंग रूममध्ये मी अण्णांना पोर्तुगालचं एक गाणं दाखवलं. ते ताठ बसले आणि नाव पुकारलं. पुकारलंच. तोच माइकवरचा सूर, शेवटचं अक्षर लांबवून.

समोरच्या आजींनी पटकन गाठोडं उचललं.

“दादा, पेठची गाडी कवा लागंल?”

“पावणेपाच,” अण्णा म्हणाले. “बसा जरा.”

आजी बसल्या. मला रडू आवरेना. मॅडम दार उघडून बाहेर आल्या.

पावणेपाचची गाडी कधीच बंद झाली होती, हे नंतर कळलं. मग आजींना स्टँडवर सोडायचं ठरलं. मागे आजी, मी आणि गाठोडं. त्यामुळे अण्णा पहिल्यांदा पुढे बसले, समीरच्या शेजारी. समीरने पोर्तुगालचं गाणं लावलं. अण्णांनी आवाज वाढवला.

दोन महिन्यांनी, मी सासरी परतल्यावर, रविवारी सकाळी समीरचा फोन वाजला. त्याने स्पीकरवर घेतला.

“समीर.”

आम्ही दोघं फोनकडे बघत उभे.

“स चं... एक पाठव.”

समीरने अकरा पाठवली.

पुढे दीड वर्ष मिळालं. वाक्यं तुटकच राहिली. मला कधी आत्याच्या नावाने हाक मारायचे, कधी आईच्या. समीरचं नाव मात्र एकदाही चुकलं नाही. मग एका दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

अण्णा, तुम्ही कधी सॉरी म्हणाला नाहीत. मीही म्हटलं नाही.

त्या रविवारी तुम्ही त्याला नावाने हाक मारलीत, त्यात माझं सगळं आलं.

आज फोटोला हार समीरनेच घातला.

नमस्कार करते.

तुमची वैशू