घागरवालीचा उजवा हात

सगळा दोष आमच्या हेडमास्तरांचा. आधीच सांगून टाकतो, कारण वणीत कुणालाही विचारा, दोष माझाच निघतो. वडीलधाऱ्यांचे किस्से साचतच जातात. ते उपदेश थांबवत नाहीत, आपल्याला विषय कमी पडत नाही!

टुरिंग टॉकीजचा तंबू लागला. तिकीट पंचवीस नवे पैसे. फिल्म नाचगाण्याची, नटी कुंभाराची लेक झालेली. डोक्यावर तीन घागरी, हातात पेटती पणती, आणि अशी नाचली की अख्खा तालुका तिला 'घागरवाली' म्हणू लागला.

हेडमास्तर प्रार्थनेनंतर गरजले, "ही फिल्म पाहील त्याचं नाव कापीन! माझ्या घरातल्या माणसांनीही पाहिली नाही!"

मी मॅट्रिकला. पुरुषांत बसलो तर सापडणार. म्हणून मायचं लुगडं पांघरलं आणि बायकांत घुसलो. बायकांची जागा पडद्याच्या मागं. पाच दिवस तिथूनच पाहिली.

*

आमच्या आळीतले कीर्तनकारबुवा पहिल्याच दिवशी पहिल्या रांगेत! मी विचारलं, "बुवा, तुमी कायले गेलते?"

"समाज कुठं चालला ते पाहाले. नाच लागला का मी डोये मिटून घेतो."

"घागरी किती होत्या जी?"

"तीन. मधली जराशी तिरपी."

*

ऑपरेटर रहीमचाचांकडं मशीन एकच. रीळ संपलं की अंधार. शेवटच्या रिळात घागरवालीचा बाप मरायला टेकलेला, तिला काहीतरी सांगत होता. तेवढ्यात पाटील उभे राहिले.

"चाचा, नाचाचं रीळ पुन्हा लाव!"

"पाटीलसाब, उसका बाप मर रहा है!"

"त्याले म्हणा, थांब जरा!"

बाप थांबला. सगळा नाच पुन्हा झाला, मग मेला बिचारा. तंबूत कुणी रडलं नाही.

*

आमच्या घरी मात्र भांडण पेटलं. माझा बाप जेवताना म्हणाला, "काय पणती धरते! उजवा हात हालत नाही तिचा."

माय म्हणाली, "डावा."

"उजवा! मी समोर बसलो होतो."

"मंग मी काय आंधळी हावो? डावा!"

दोन दिवस अबोला. पडद्यामागून सगळं उलटं दिसतं, हे बापाला सुचलं नाही. मायला सुचलं असेल, पण ती कशाला सांगते!

*

मग आलं शाळेचं गॅदरिंग. मी प्रोग्राममध्ये 'लोकनृत्य: पाणी भरणारी' असं लिहून दिलं. मायचं लुगडं नेसलो, कुंभाराकडच्या तीन घागरी डोक्यावर चढवल्या. नाच जसा पाहिला तसा बसवलेला, पणती डाव्या हातात. पहिल्याच गिरकीला शिट्ट्या! सगळ्यांनी ओळखलं, पण बोलायचं कुणी? बोलला तो सापडला.

मी दुसरी गिरकी घेतली. पुढच्या खुर्चीवरून हेडमास्तर ताडकन उठले.

"अरे गधड्या, पणती उजव्या हातात! तीनदा पाहिलं मी, उजव्या!"

अख्ख्या हॉलच्या माना हेडमास्तरांकडं वळल्या.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं मास्तरीणबाईंचा, म्हणजे हेडमास्तरांच्या बायकोचा आवाज आला, "नाही जी! पोराचं बराबर हाय. डाव्याच हातात हाय!"

दुसऱ्या दिवशी माझं नाव कापलं. मॅट्रिक राहिली ती राहिलीच.