डाव्या बाजूचा शेक

माझ्या हृदयाच्या ऑपरेशनला सव्वा महिना झाला होता. नागपूरहून गावी आणूनही तीन आठवडे झाले होते. आमचं गाव खामगावपासून ऑटोनं अर्ध्या तासावर. घरात मी, मुलगा आणि सून. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, हंगामात सकाळी गेला की दिवेलागणीलाच येतो. सून अंगणवाडीत, दहाला जाते, अडीचला येते. म्हणजे दहा ते अडीच मी आणि माझी ही चिरलेली छाती, दोघीच घरात.

छाती मधोमध कापली आणि तारेनं शिवली, हे सगळ्यांनी सांगितलं. त्याच्या पुढं काय काय होतं, ते कोणी सांगितलं नाही, की सांगितलं तेव्हा मी गुंगीत होते, देव जाणे. वरणाचा घास घेतला की कळकलेला लागायचा, बिनकल्हईच्या पितळेत ठेवल्यासारखा. हृदयाला जोडायला ज्या पायातली शीर काढली, त्या पोटरीवरून पाणी ओघळतंय असं वाटायचं. लुगडं वर करून पाहावं तर पाय कोरडा ठणठणीत. दिवसातून दहा वेळा पाहायची. आणि डावी छाती तर माझी राहिलीच नव्हती. हात लावला तर हाताला कळायचं, छातीला नाही. शेजारणीच्या अंगाला हात लावावा तसं.

भेटायला बाया यायच्या. एकीनं तर बसल्या बसल्या विचारलं, “काकू, ऑपरेशनच्या वक्ती हृदय बंद केलतं म्हणे तुमचं. मंग तवा जीव कुठं होता?”

“तुयाच घरी होता,” मी म्हटलं. “चहाची वाट पाहत बसला होता, पण तू काई मांडला नाई.”

सगळ्या हसल्या. मीही छाती धरून हसले. त्या गेल्यावर हसू गेलं, प्रश्न तेवढा राहिला. बंद केलं होतं तर तसंच ठेवायचं होतं ना. असं उसनं अंग देऊन मला परत कशाला पाठवलं?

त्यात एक दिवस सुनेनं ठेच्याच्या मिरच्या भाजल्या आणि मला शिंक आली. शिंकेसरशी छातीत टक्क झालं. बोट मोडावं तसं. श्वास धरून बसले. जराशी कूस बदलली, पुन्हा टक्क. मला वाटलं, झालं, तार सुटली. आता पुन्हा नागपूर, पुन्हा ती करवत. मरण यायचं तर घरच्या खाटेवर येऊ दे, पण उघडून घ्यायला मी जाणार नाही, एवढं मनाशी धरलं आणि तोंड बंद केलं.

सून रोज विचारायची, “आई, कसं वाटून राह्यलं?”

“बरं हाय, बाई.”

पंधरा दिवस असे काढले. उठताना टक्क, केस बांधताना टक्क. ती नसताना रडून घ्यायची, तर रडण्यानंही वाजायचं. रडायचीही सोय राहिली नाही.

आता माझा शहाणपणा ऐका. शेक द्यावा तर मीच, असं गावात म्हणतात. किती बाळंतिणी आणि किती लेकरं माझ्या हाताखालून गेली. जाडं मीठ फडक्यात बांधायचं, तव्यावर तापवायचं, पोटली आधी आपल्या मनगटाला टेकवून पाहायची, मगच दुसऱ्याच्या अंगाला लावायची. हे मी पोरीसोरींना रागावून शिकवलेलं. मनात आलं, शेकानं मुरगळलेला पाय बसतो, तर हाडही धरेल. सून गेल्यावर पोटली केली. मनगटावर काही पाहिली नाही. आपलंच अंग, त्याला काय पाहायचं? डावीकडे ठेवली तर गार. म्हटलं, मीठ तापलं नाही. पुन्हा तव्यावर. तरी गारच. तिसऱ्यांदा फडक्याला करपट वास सुटला, तेव्हा समाधान झालं, आणि चांगली दाबून धरून बसले.

दुपारी सून टाक्यांना मलम लावायला आली. पदर बाजूला केला आणि ओरडलीच. “अवं माय! आई, हे कायनं भाजलं?”

“कुठं?”

“कुठं म्हणता? तळहाताएवढा फोड आला ना बाप्पा!”

मी मान खाली घालून पाहिलं. पाण्यानं टरारलेला फोड. माझ्याच अंगावर, आणि मला पत्ता नाही. तिथं माझा धीर सुटला. शेकाचं सांगितलं, टक्कचं सांगितलं, सगळं.

“कवापासून वाजते?”

“पंधरा दिस झाले.”

“पंधरा दिस! अन् मी रोज पुसून राह्यली, ते काऊन? टाइमपास म्हणून?”

“मले पुन्हा उघडतीन, बाई. मले नाई जायचं. तू कोनाले नको सांगू.”

ती फोडावर ओलं फडकं धरून बसली. संध्याकाळी मुलगा आल्यावर तिनं सांगितलंच. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

खामगावच्या डॉक्टरांनी छातीवर हात ठेवून खोकायला लावलं, फोटो काढला. म्हणाले, तारा जागेवर आहेत. हाड खालच्या टोकाला धरायचं राहिलंय, म्हणून हलतंय. पट्टा बांधा, हातावर जोर देऊ नका.

“उघडान का?” मी विचारलं.

“आत्ता तरी नाही.”

“अन् ही डावी बाजू? वापस येईन?”

“बऱ्याच जणांची हळूहळू येते. काहींची राहते तशीच. आजी, त्याचं मी सांगू शकत नाही.”

परतताना ऑटोत सुनेनं मला टेकवून बसवलं आणि पदराआडून हात माझ्या छातीवर ठेवला, खड्ड्यानं धक्का बसू नये म्हणून. रस्ता कसा आहे ते काय सांगू. फाट्याजवळ ऑटो उसळला आणि टक्क झालं. तिचा हात दचकला.

“हे होय का ते?”

“हेच.”

“असं पंधरा दिस?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “एकल्याच ऐकत बसल्या?”

“आता तू नको रडू. हाड मायं हलते, तुयं नाई.”

तिनं दुसऱ्या हातानं नाक पुसलं, पण पहिला हात काही काढला नाही. तिचा अंगठा उजवीकडे होता, तेवढा मला लागत होता. बाकीची चार बोटं डावीकडे होती, ती मी पदराआड नुसती पाहत होते, गाव येईपर्यंत.