पाण्याची खूण

आमचा सोहम अकराव्या महिन्यात दारुडा ठरला, आणि त्याचं सगळं श्रेय माझं आहे.

दोन हजार तीनच्या सुमाराची गोष्ट. बाळाला बोलता येण्याआधी हाताच्या खुणा शिकवल्या तर ते हवं ते मागतं, रडत नाही, असं मी पेपरच्या पुरवणीत वाचलं आणि पेटले. मूठ उघड-मीट केली की दूध. दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर टेकवली की 'आणखी'. पाण्याची खूण छापली होती नेमक्या त्या जागी कुणीतरी भजी ठेवली होती (नवऱ्याने), म्हणून ती मी माझ्या अकलेने बनवली. मूठ वळायची आणि अंगठा तोंडाला लावायचा. ही खूण आमच्या कसबा बावड्यात कशासाठी करतात ते मला माहीत नव्हतं असं नाही. पण सुचलं नाही.

माझे सासरे गल्लीत दारूबंदीसाठी घसा फोडणारे. ते सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर पाणी पीत आणि त्यातले दोन घोट नातवाला पाजत.

अशात माझ्या नणंदेला, शोभाला, बघायला मुरगूडचे पाहुणे आले. सहा ठिकाणी नकार दिल्यावर हा मुलगा शोभाला फोटोतच आवडला होता, त्यामुळे घरातले सगळे श्वास रोखून बसले होते.

मुलाच्या आईने सोहमला मांडीवर घेतलं. "आज्जा काय देतो रं तुला?"

सोहमने मूठ वळली आणि अंगठा तोंडाला लावला. मग 'आणखी'.

मुलाचे वडील पोहे चावायचे थांबले. आमच्या सासऱ्यांना नातवाचं भारी कौतुक वाटलं.

"व्हय की! रोज सकाळी माझ्यासंगं दोन घोट घेतो. मीच लावलीया सवय. पोट साफ ऱ्हातंय."

"एवढ्याशा पोराला?" मुलाच्या आईने पदर तोंडाला लावला.

आता आपणच सावरायला हवं म्हणून मी पुढे झाले. "अहो, आज्जांचं काही नाही, हे मी शिकवलंय त्याला. दिवसातनं वीस वेळा करून दाखवते." आणि अंगठा तोंडाला लावून दाखवलाही.

पाहुण्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून विसरले नाही.

"पाणी हो, पाणी!" नवरा ओरडला.

"पाणी घालून देता व्हय?" मुलाचे वडील म्हणाले आणि टोपी शोधू लागले.

लग्न मोडलं, आणि तेही माझ्यामुळे. तेवढ्यात मान खाली घालून बसलेली शोभा उठली, आतून तांब्या आणला आणि सोहमच्या तोंडाला लावला. तो गटागटा प्यायला. मग तांब्या तिने मुलाच्या आईपुढे धरला.

"वास घ्या. नळाचं पाणी हाय. त्याला बोलता येत न्हाय, म्हणून खुणा करतोय."

मुलगा पहिल्यांदाच हसला. "आई, ह्या घरात तोंडानं नीट बोलणारी ही एकटीच दिसतीया. हीच करूया."

लग्न झालं. शोभा सुखात आहे. पण मुरगूडला गेले की आजही माझे नंदावे दारातच अदबीने विचारतात, "वैनी, पाणी घालून, का नुसतंच?"

मी मूठ उघड-मीट करते. दूध येतं.