बरणी लवंडली नव्हती

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मटर सोलणं. इकडच्या हिंदी मुलखातला, सिहोऱ्याकडचा गोड मटर. ती अर्धे दाणे तोंडातच टाकून राहिली होती. घर विकून पुण्याला मुलाजवळ जायचं ठरलं होतं. भाव तिनंच बांधला. म्हणाली, "अहो, गिऱ्हाईक आलं की तुम्ही गप बसा. तुम्ही तोंड उघडलं की भाव पडतो. बोलणं मी करीन."

"मी काय मुका आहे?"

"मुके असते ना, तर आज आपला बंगला असता."

त्याच दुपारी ती पुढच्या खोलीत आडवी झाली, ती उठलीच नाही.

ती गेली त्या जागी रीतीप्रमाणे पिठावर दिवा ठेवला. तेरवीपर्यंत विझू दिला नाही. तेल मीच घालायचो. हात थरथरतो माझा, सांडत गेलं. फरशीत डाग मुरला. सोड्यानं घासला, नाही गेला.

विजय नगरचा दलाल आला. डाग पाहून म्हणाला, "दादाजी, घर में मौत हुई सुनके पार्टी भाव गिराती है. आप बस चुप रहना." डागावर त्यानं आपली सतरंजी टाकली. हार घातलेला तिचा फोटो कपाटात ठेवला. मी ठेवू दिला. गप बसा असं तीही म्हणाली होती, अन् मला तिनं बांधलेलाच भाव पाहिजे होता. त्याच्याखाली नाही.

नवरा-बायको घर पाहायला आले. बाईला स्वयंपाकघर आवडलं. "आंटी जी नहीं दिख रहीं?"

"बेटे के पास गई हैं," दलाल म्हणाला. मी पंख्याकडे पाहून राहिलो.

भाव जवळजवळ कबूल झाला होता. निघताना बाईच्या पायात सतरंजी अडकून सरकली. "ये तेल कैसा?"

"अरे, आंटी जी के हाथ से अचार की बरनी लुढ़क गई थी."

जन्मात तिच्या हातून बरणी लवंडली नाही. मला तर ती बरणीजवळ फिरकूही देत नव्हती.

"झूठ बोलता है," मी म्हणालो. "वो यहीं मरी. ये उसके दीये का तेल है. गिराया मैंने."

बाईनं पाय उचलून घेतला. दोघं चपला घालून निघून गेले. दलाल फाटकातून ओरडला, "अब बैठे रहो दादाजी!"

संध्याकाळी मुलाचा फोन. दलालानं त्याला सगळं सांगितलं होतं. "बाबा, काहून बोलले तुम्ही? आई असती तर..."

"आई असती तर त्या दलालाला झाडूनं हाणलं असतं तिनं," म्हटलं अन् फोन ठेवला. खरं तर तिनं मलाच हाणलं असतं. भाव घालवला ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो पुसून खिळ्याला टांगला. सतरंजी गुंडाळली, ऑटोत घातली अन् दलालाच्या दुकानात नेऊन टाकली.

"अगली पार्टी ला," म्हटलं. "दाग खुला रहेगा. भाव वही."